पुढची पाटी परत येऊ द्यायची नसेल तर : ओहायोतल्या मराठी गाडीवाल्यांसाठी

भारतातून नव्याने आलेल्या माणसाला हा वाद आधी कळतच नाही. गाडीला पुढे नंबरची पाटी नको, म्हणजे काय? आपल्याकडे पुढची पाटी ही गाडीची शोभा. आकडे वळवून ‘दादा’ वाचायला लावणाऱ्या पाट्या बघत आपण मोठे झालो. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना पुढे-मागे उच्च सुरक्षा पाट्या लावून घेण्यासाठी महाराष्ट्रातली घरची मंडळी अलीकडे तारखांमागून तारखा घेत फिरली, तेव्हाही पुढची पाटी हवीच का, असं कोणी विचारलं नाही.

अमेरिकेत मात्र पाटी हा राज्याचा विषय आहे. वीसच्या आसपास राज्यांत फक्त मागची पाटी लागते. ओहायो त्यात उशिरा आलं : १ जुलै २०२० पासून खासगी गाडीला पुढची पाटी सक्तीची राहिली नाही. पोलिसांच्या संघटना आणि स्कूल बस चालवणारे तेव्हाही विरोधात होते, आणि ती परत आणा ही मागणी थांबलेली नाही. तसं विधेयक आलं, तर ते कसं अडवायचं किंवा निदान बोथट कसं करायचं, ते इथे सांगतो. मी कोलंबसजवळ राहतो, म्हणून सगळी उदाहरणं ओहायोची. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, नॉर्थ कॅरोलिना या मागच्या एकाच पाटीच्या राज्यांतल्या वाचकांना रीत उपयोगी पडेल, पण तपशील आपापल्या राज्याचे बघून घ्यावेत.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो : मला पुढची पाटी नको आहे. पण ती हवी म्हणणारे मूर्ख नाहीत, आणि त्यांना मूर्ख समजून लिहिलेलं पत्र थेट कचऱ्यात जातं.

आपल्याला बोलायचा हक्क आहे का?

मंडळात हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो. ‘आपण एच-वन-बीवर. उगाच सरकारच्या वाटेला कशाला जायचं?’

अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क आहे आणि तो फक्त नागरिकांपुरता लिहिलेला नाही. तुम्ही ज्या मतदारसंघात राहता, तिथल्या आमदाराला पत्र लिहू शकता, भेटू शकता, समितीपुढे साक्ष देऊ शकता. त्यासाठी मतदार असावं लागत नाही. त्याबद्दल कोणी पैसे देत नसेल, तर लॉबिस्ट म्हणून नोंदणीचाही प्रश्न येत नाही. पत्रात व्हिसाचा उल्लेख करू नका. लपवायचं असतं म्हणून नाही, त्या पत्राशी त्याचा संबंध नाही म्हणून. ‘मी या गावात इतकी वर्षं राहतो, दोन गाड्या माझ्या नावावर आहेत’ एवढी ओळख पुरते.

पण काही रेषा ओलांडायच्या नाहीत, आणि त्या नीट लक्षात ठेवा :

– मतदार नोंदणी करायची नाही. बीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, खिडकीवर लायसन्सचं काम करताना ‘मतदार म्हणून नोंद करू का?’ असं विचारतात. नागरिक नसाल, तर उत्तर स्पष्ट ‘नाही’. घाईत चुकून ‘हो’ म्हटल्यामुळे पुढे नागरिकत्वाचे अर्ज अडकलेले आहेत.

– निवडणुकीच्या उमेदवाराला पैसे द्यायचे नाहीत. केंद्राच्या निवडणुकीत ग्रीन कार्ड असलेल्यांना ते चालतं, व्हिसावाल्यांना नाही. राज्यातल्या उमेदवारांना आणि जनमताच्या (एखाद्या कायद्यावर लोकांचं थेट मत घेण्याच्या) मोहिमेला पैसे देण्याबाबत ओहायोने २०२४ मध्ये आणखी कडक कायदा केला आणि त्यावरून कोर्टकज्जेही झाले. तिथे ग्रीन कार्डवाल्यांनीही वकिलाला विचारल्याशिवाय खिशात हात घालू नये.

– जनमतासाठीच्या अधिकृत अर्जावर सही करायची नाही. ती फक्त नोंदणीकृत मतदारांची. आमदाराला पाठवायच्या साध्या निवेदनावर सही करायला हरकत नाही.

मंडळाच्या नावाने पत्र जावं का? आपली बहुतेक मराठी मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत. अशा संस्थेला विधेयकावर मत मांडता येतं, पण ते तिच्या एकूण कामाचा किरकोळ भागच असावं लागतं. उमेदवाराचा प्रचार तर अजिबात नाही. व्यवहाराचं सांगायचं, तर मंडळाचं नाव घेऊच नका. कार्यकारिणीत यावर ठराव करायला बसलात तर विधेयक मंजूर होऊन पाट्या छापून घरी येतील. त्यापेक्षा गणपतीच्या जेवणाच्या रांगेत दहा माणसांशी बोला आणि त्या दहांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत लिहावं.

विधेयक शोधा, आणि ते दुसऱ्या विधेयकाच्या पोटात आहे का बघा

ओहायोच्या विधिमंडळात दोन सभागृहं : ९९ जणांचं प्रतिनिधिगृह आणि ३३ जणांचं सिनेट. प्रतिनिधिगृहाच्या विधेयकाला ‘एचबी’ आणि सिनेटच्या विधेयकाला ‘एसबी’ लावून क्रमांक देतात. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ‘लायसन्स प्लेट’ हे शब्द टाकून शोधलं की यादी येते. त्यात बरीचशी विधेयकं वेगवेगळ्या संस्थांच्या खास पाट्यांची असतात, ती सोडून द्या. आपल्याला हवं ते ओहायो संहितेच्या कलम ४५०३.२१ ला हात लावणारं विधेयक. पाटी कुठे आणि कशी लावायची हे त्या कलमात आहे. हा आकडा शोधात टाकलात, की मथळ्यात पाटीचं नाव नसलं तरी विधेयक सापडतं.

हे का महत्त्वाचं, ते २०१९ चा इतिहास सांगतो. पुढची पाटी गेली ती ‘पुढची पाटी रद्द करणारा कायदा’ अशा नावाच्या विधेयकातून गेली नाही. ती एचबी ६२ मधून गेली, म्हणजे त्या वर्षीच्या परिवहन बजेटमधून. त्या विधेयकाची बातमी होती पेट्रोलवरच्या करात गॅलनमागे साडेदहा सेंटची वाढ. पाटीचं कलम त्या मोठ्या तडजोडीच्या पोटात होतं. गव्हर्नर माइक डिवाइन यांनी एप्रिल २०१९ मध्ये सही केली आणि पुढच्या वर्षीच्या जुलैपासून पाटी सुटली.

जी गोष्ट बजेटच्या दाराने बाहेर गेली, ती त्याच दाराने परत येऊ शकते. म्हणून स्वतंत्र विधेयकावर डोळे लावून बसू नका. परिवहन बजेट दर विषम वर्षी येतं आणि साधारण मार्चअखेरीला संपतं. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये दर आठवड्याला नवा मसुदा उघडून ४५०३.२१ शोधायचं. कंटाळवाणं काम आहे. घरातल्या कोणाला तरी वाटून द्या.

काय-काय वाचायचं

विधेयकाच्या पानावर तीन कागद असतात. पहिला विधेयकाचा मसुदा : नवा मजकूर अधोरेखित, वगळलेला खोडलेला. दुसरा आणि तिसरा विधिमंडळाच्या लेजिस्लेटिव्ह सर्व्हिस कमिशनने तयार केलेले : एकात विधेयकाचा साध्या भाषेतला अर्थ, दुसऱ्यात खर्चाची टिपणी. हे कमिशन पक्षांच्या बाहेरचं आहे, त्यामुळे त्याच्या कागदातलं वाक्य उचललंत तर ते कोणी खोटं ठरवायला जात नाही.

मसुदा वाचताना मी पाच गोष्टींवर पेन्सिल फिरवतो. लागू कधीपासून? रस्त्यावर आत्ता असलेल्या गाड्यांनाही, की फक्त नव्या नोंदणीला? दुसऱ्या पाटीचे आणि टपालाचे पैसे कोणाचे? पाटी नसली तर काय शिक्षा? आणि सगळ्यात महत्त्वाचं : फक्त तेवढ्यासाठी पोलिसाला गाडी थांबवता येते का?

विधेयकाची पहिली प्रत वाचून निश्चिंत होऊ नका. समितीत ‘सबस्टिट्यूट बिल’ नावाची सुधारित प्रत येते आणि तिचा क्रमांक तोच राहतो. मागच्या आठवड्यातल्या प्रतीवर बेतलेली साक्ष घेऊन गेलात, तर अध्यक्ष गोड हसून सांगतात की ते कलम आता नाही.

मुद्दे कुठले घ्यायचे

इथे थोडा वेळ थांबू, कारण बहुतेक पत्रं इथेच फसतात.

‘पुढच्या पाटीने गाडीचं रूप जातं’ हे खरं असलं तरी लिहू नका. इलेक्ट्रिक गाडीच्या हवेच्या रोधाचं गणितही नको. समितीत बसलेल्या शेतकरी आमदाराला ते चोचले वाटतात.

पहिला मजबूत मुद्दा भूगोलाचा आहे. ओहायोच्या सीमेला पाच राज्यं लागतात : मिशिगन, इंडियाना, केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया. पाचही ठिकाणी खासगी गाडीला फक्त मागची पाटी. सिनसिनाटीत रोज केंटकीच्या आणि टोलेडोत मिशिगनच्या गाड्या येतात. ओहायोने सक्ती केली तरी त्या पुढून कोऱ्याच राहणार. म्हणजे पोलिसांना, टोलच्या कॅमेऱ्यांना आणि शाळांना मागची पाटी वाचणारी व्यवस्था ठेवावीच लागणार. मग खर्च फक्त ओहायोकरांनी का करायचा? हा मुद्दा दोन ओळींत मांडता येतो आणि त्याला सहज उत्तर नाही.

दुसरा, बंपरचा. २०२० नंतर ओहायोत विकल्या गेलेल्या कितीतरी गाड्यांना पुढे पाटीची चौकट बसवलेलीच नाही. ती बसवायची तर बंपरला भोकं पाडावी लागतात. आजकाल बंपरच्या मागे नि ग्रिलमध्ये रडार आणि पार्किंगचे सेन्सर असतात, त्यामुळे भोक कुठेही पाडून चालत नाही. गाडी लीजवर असेल तर परत करताना त्या भोकांचा हिशेब कोण देणार? इथे मोघम बोलू नका. गावातल्या बॉडी शॉपमधून चौकट बसवण्याच्या खर्चाचं लेखी कोटेशन घ्या आणि पत्राला जोडा. एका खऱ्या गाडीचं एक खरं कोटेशन समितीत फिरतं, आकडेवारीचे दहा परिच्छेद फिरत नाहीत.

तिसरा मुद्दा गंभीर आहे, तो हलक्या हाताने वापरू नका. पुढची पाटी नसणं हा ओहायोत जुन्या कायद्यात किरकोळ गुन्हा होता. पण किरकोळ गुन्हासुद्धा गाडी थांबवायला पुरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या व्हरेन खटल्यात सांगितलं की वाहतुकीचा नियम खरोखर मोडला असेल, तर पोलिसाच्या मनात दुसरं काय होतं हे पाहायचं कारण नाही. १९ जुलै २०१५ ला सिनसिनाटीत सॅम्युअल डुबोस या कृष्णवर्णीय माणसाला विद्यापीठाच्या पोलिसाने थांबवलं, ते गाडीला पुढची पाटी नव्हती म्हणून. काही मिनिटांत त्या पोलिसाने त्यांच्या डोक्यात गोळी घातली. पोलिसावरचे दोन्ही खटले ज्यूरीचं एकमत न झाल्याने निकालाविना संपले. विद्यापीठाने कुटुंबाला भरपाई म्हणून ४८ लाख ५० हजार डॉलर आणि त्यांच्या मुलांना मोफत शिक्षण दिलं. समितीपुढे हे सांगायचं असेल तर नाव, तारीख आणि थांबवण्याचं कारण, एवढंच सांगून थांबा. त्यावर व्याख्यान नको. ‘पाटीसाठीचा प्रत्येक नवा थांबा म्हणजे पोलीस आणि चालक दोघांनाही धोक्याची नवी वेळ’ इतकंच म्हणा. पोलिसांना शिव्या न देता मांडलेला हा मुद्दा पोलिसांच्या बाजूचे आमदारही ऐकून घेतात.

स्वतःच्या गावाचे आकडे मिळवायचे असतील तर ओहायोचा सार्वजनिक नोंदींचा कायदा, म्हणजे कलम १४९.४३, फार उपयोगी आहे. पोलीस विभागाला मेल करा : २०१८ आणि २०१९ मध्ये कलम ४५०३.२१ खाली दिलेल्या चलनांच्या नोंदी हव्यात. तुम्ही कोण आणि कशाला हवंय, हे सांगणं बंधनकारक नाही. फक्त ‘किती टक्के?’ असं विचारू नका. नव्याने हिशेब करून द्यायला ते बांधलेले नाहीत, आहे ती नोंद द्यायला बांधलेले आहेत. याला आठवडे लागतात, म्हणून विधेयक दिसल्या दिवशी अर्ज टाका.

स्कूल बसचं काय?

समोरच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा हाच. बस थांबली आहे, लाल दिवे लागलेत, मूल रस्ता ओलांडतंय, आणि समोरून येणारी गाडी न थांबता निघून जाते. बसचालकाला त्या गाडीचा पुढचा भाग दिसतो. तिथे पाटीच नसेल तर तो काय लिहून घेणार?

मला दोन मुलं आहेत, दोघं बसने जातात. या मुद्द्यासमोर ‘पण माझा बंपर’ म्हणायची माझी हिंमत नाही, तुम्हीही करू नका. तो खरा आहे हे मान्य करा आणि मग पुढचं बोला : मुलं हाकणाऱ्या चालकाकडून धावत्या गाडीचा क्रमांक टिपण्याची अपेक्षाच चुकीची आहे. बसच्या बाजूला मागच्या दिशेने रोखलेला कॅमेरा समोरून येऊन निघून गेलेल्या गाडीची मागची पाटी टिपतो, आणि केंटकीच्या गाडीचीही टिपतो. तेव्हा लाखो गाड्यांना दुसरी पाटी लावण्यावर जाणारा पैसा बसच्या कॅमेऱ्यांना द्या, अशी सूचना करा. विरोध करायला गेलेला माणूस काहीतरी मागून येतो, तेव्हा त्याच्याकडे लक्ष जातं.

बाकीचे आक्षेप, म्हणजे पेट्रोल भरून पळणारे, मागचा भाग भिंतीकडे करून लावलेल्या गाड्या, दुकानाचे कॅमेरे, यांना फार वेळ देऊ नका. कुणी विचारलंच तर ‘काही प्रकरणांत पुढच्या पाटीचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही’ असं म्हणून मोकळे व्हा. नाकारलंत तर पुढचा साक्षीदार शेरीफ, म्हणजे काउंटीचा (जिल्ह्याचा) पोलीसप्रमुख, असतो आणि त्याच्याकडे किस्से भरपूर असतात.

पत्र

दोन आमदार तुमचे : एक प्रतिनिधी, एक सिनेटर. संकेतस्थळावर पत्ता टाकला की नावं येतात. तिसरं पत्र समितीच्या अध्यक्षांना. सगळ्या १३२ जणांना एकच मेल ढकलू नका. मतदारसंघाबाहेरचा मेल सहायक उघडतसुद्धा नाहीत.

पत्र सहायकच वाचतो, आणि तो विशी-पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी असते. त्यांना सोपं जाईल असं लिहा. विषयाच्या ओळीत विधेयकाचा क्रमांक, ‘विरोध’ आणि तुमचं गाव. पहिल्या वाक्यात तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता हे. मग दोनच मुद्दे, शेवटी एक स्पष्ट मागणी : ‘समितीत विरोधात मत द्या’ किंवा ‘अमुक दुरुस्ती मांडा’. एका पानाच्या वर नाही. आपल्या लोकांना ‘सविनय सादर’ छापाच्या पाल्हाळिक अर्जाची सवय असते. तिसऱ्या परिच्छेदात मुद्द्यावर यायची ती शैली इथे चालत नाही.

२०१९ चा इतिहास पत्रात दोन ओळींत सांगा. ओहायोत आमदाराला एका सभागृहात सलग आठ वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे एचबी ६२ वर मत दिलेली माणसं त्याच खुर्चीवर फारशी उरत नाहीत. पाटी का काढली हे नव्या आमदाराला ठाऊकच नसतं, आणि ते सांगायला कोणी गेलं नाही तर फक्त पाटी हवी म्हणणारेच सांगतात.

मेलनंतर चार दिवसांनी फोन करा. प्रतिनिधींची कार्यालयं कोलंबसमध्ये स्टेटहाउससमोरच्या (विधिमंडळाच्या इमारतीसमोरच्या) रिफ सेंटरच्या टॉवरमध्ये आहेत, भेटीची वेळ मागितली तर मिळते. आमदार नाही भेटला आणि सहायकाशीच पंधरा मिनिटं बोलणं झालं, तर हिरमुसू नका. मत काय द्यायचं याची चिठ्ठी तोच लिहितो.

समितीपुढे

विधेयकाचं खरं भवितव्य समितीत ठरतं. ओहायोत सुनावण्यांची साधारण पद्धत अशी : पहिली सुनावणी विधेयक मांडणाऱ्याची, दुसरी बाजूने बोलणाऱ्यांची, तिसरी विरोधकांची. विरोधकांची सुनावणी कधी लागते यावर लक्ष ठेवा, कारण सूचना फार आधी मिळत नाही. समितीच्या सूचना मेलवर येतील अशी व्यवस्था अध्यक्षांच्या कार्यालयाला सांगून करून घ्या.

लेखी साक्ष आणि साक्षीदाराचा फॉर्म सहसा चोवीस तास आधी अध्यक्षांच्या कार्यालयाला पाठवावा लागतो. ऑनलाइन साक्ष देता येईल हे गृहीत धरू नका, विचारा. जायला जमत नसेल तर फक्त लेखी साक्ष देता येते, आणि तीही नोंदीत राहते. ही नोंद जाहीर असते, संकेतस्थळावर चढते. म्हणून साक्षीच्या मजकुरात घरचा पत्ता, फोन, मुलांच्या शाळेचं नाव घालू नका. गावाचं नाव पुरे.

मी पहिल्यांदा समितीपुढे उभा राहिलो तो वेगळ्याच विषयावर. पाच मिनिटांचं भाषण घोटून नेलं होतं. माझ्या आधी अकरा जण होते, माझी पाळी येईपर्यंत दोन तास गेले आणि अध्यक्षांनी सगळ्यांना तीन मिनिटं केली. मी तेच भाषण भरधाव वाचलं आणि शेवटची मागणी राहूनच गेली. तेव्हापासून मागणी मी पहिल्या वाक्यात ठेवतो.

सुरुवात ठरलेली : ‘चेअर अमुक, व्हाइस चेअर अमुक, रँकिंग मेंबर अमुक आणि समितीचे सदस्य, संधीबद्दल आभार.’ नावांचे उच्चार आधी ओहायो चॅनलवर जुन्या बैठका बघून ऐकून घ्या. लेखी साक्ष त्यांच्यासमोर असते, ती वाचून दाखवू नका, बोला. प्रश्न आला की उत्तराआधी ‘थ्रू द चेअर’ म्हणायची इथली रीत आहे, म्हणजे उत्तर अध्यक्षांमार्फत दिलं असं मानायचं. माहीत नसेल तर ‘माहिती काढून कार्यालयाला कळवतो’ म्हणा आणि खरंच त्याच दिवशी कळवा. आमदार बोलता बोलता उठून जातात, फोनवर बघतात, दुसऱ्या समितीत जाऊन येतात. तो तुमचा अपमान नव्हे, तिथला रोजचा प्रकार आहे.

गाडी स्टेटहाउसखालच्या गॅरेजमध्ये लावा. पार्किंग मीटरवर लावून वर दोन तास घड्याळ बघत बसू नका.

विधेयक अडत नसेल तर

मतं मोजा. प्रतिनिधिगृहात ५०, सिनेटमध्ये १७ मतांनी विधेयक मंजूर होतं. समितीत बहुमत त्यांचं आहे हे दिसलं, की निव्वळ ‘नको’ म्हणत राहण्याने हाती काही लागत नाही. तेव्हा दुरुस्त्या मागा, आणि त्या आधीच क्रमाने ठरवून ठेवा.

माझा क्रम असा. सगळ्यात वर : फक्त पुढची पाटी नाही म्हणून गाडी थांबवता येऊ नये, दुसऱ्या कारणाने थांबवली असेल तरच विचारावं. यामुळे डुबोससारखा प्रसंग पाटीवरून तरी सुरू होत नाही, आणि ही दुरुस्ती पैशाच्या दृष्टीने फुकट आहे. मग : आधीच नोंदलेल्या गाड्यांना सूट, सक्ती फक्त नव्या गाड्यांना. मग : कारखान्यातून चौकटीशिवाय आलेल्या गाडीला भोक पाडायची सक्ती नको. शेवटी : पहिलं वर्षभर दंडाऐवजी ताकीद, आणि दुसरी पाटी राज्याच्या खर्चाने. तुमच्या आमदाराला यातली एकच दुरुस्ती, तयार वाक्यात लिहून द्या. चार दिल्यात तर एकही मांडली जात नाही.

आमदाराला स्वतःला विधेयकाच्या विरोधात उभं राहायचं नसतं, पण दुरुस्ती मांडायला तो बहुधा तयार असतो. पक्षाची नाराजी न ओढवता मतदारसंघात सांगायला काहीतरी मिळतं.

गव्हर्नर आणि जनमत

दोन्ही सभागृहांतून गेलेलं विधेयक गव्हर्नरकडे जातं. रविवार सोडून दहा दिवसांत त्यांना सही किंवा व्हेटो ठरवायचा असतो. या दहा दिवसांत त्यांच्या कार्यालयाला मेल करा. पाटीचं कलम बजेटच्या विधेयकात असेल, तर निधीच्या विधेयकातली सुटी कलमं व्हेटो करायचा अधिकार गव्हर्नरना आहे, तेव्हा नेमकं कलम आणि पान लिहून मागणी करा. व्हेटो उलटवायला प्रत्येक सभागृहात तीन पंचमांश मतं लागतात.

त्यानंतर उरतं जनमत. कायदा दाखल झाल्यापासून नव्वद दिवसांत, गेल्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या सहा टक्के सह्या, त्याही ८८ पैकी निम्म्या काउंटींत ठराविक प्रमाणात विखुरलेल्या. २०२२ च्या मतदानावर तो आकडा सुमारे अडीच लाख होतो. २०११ मध्ये कामगार संघटनांनी सरकारी कामगारांचे हक्क आवळणारं सिनेट बिल ५ असंच उलटवलं, पण त्यांच्यामागे लाखो सभासद होते. पाटीसाठी कोणी हे करणार नाही. तो नाद सोडा.

त्यापेक्षा कॅलेंडर बघा. विधिमंडळाची मुदत दोन वर्षांची. सम वर्षाच्या नोव्हेंबरात निवडणूक झाली की डिसेंबरअखेरपर्यंतचे आठवडे सगळ्यात धोक्याचे. हरलेले आणि मुदत संपलेले आमदार बसलेले असतात, रात्री उशिरापर्यंत कामकाज चालतं, आणि महिनोन् महिने पडून असलेली कलमं भलत्याच विधेयकांना चिकटवली जातात. थँक्सगिव्हिंगला भारतात जाणार असाल, तरी जाण्याआधी कोणालातरी ४५०३.२१ चा शोध रोज चालवायला सांगून जा. ३१ डिसेंबरपर्यंत मंजूर झालं नाही तर ते विधेयक मेलं. जानेवारीत नवा क्रमांक लावून तेच परत मांडता येतं, तेव्हा बॉडी शॉपचं कोटेशन, पोलिसांकडून आलेल्या नोंदी आणि तुमचं एक पानाचं पत्र असलेली फाइल पुसून टाकू नका. क्रमांक बदलला की झालं.